कण्याचे विकार व कंबरेची शस्त्रक्रिया

(प्राथमिक शिक्षकांसाठी आरोग्यविषयक माहिती)

खेड्यातील प्राथमिक शिक्षकाकडे लोक केवळ मुलांच्या अभ्यासाची चौकशी करावयास येतात असे नाही. सरकारी कागदाचा अर्थ, बँकेच्या पत्रातील मजकूर, दवाखान्याच्या चिठ्ठीवरील इंग्रजी अक्षरे हे सर्व घेऊन ते शाळेच्या ओट्यावर येतात. आणि शिक्षकाच्या तोंडून निघालेल्या चार शब्दांवर पुष्कळदा घरातील मोठे निर्णय अवलंबून असतात. बाभुळगावसारख्या कापसाच्या मुलखात असाच एक प्रश्न वारंवार पुढे येतो. कोणी शेतकरी मोठ्या पाकिटातून काळसर चित्रे व एक छापील अहवाल काढून पुढे ठेवतो आणि विचारतो, "गुरुजी, कमरेत गॅप हाये म्हनते. आता ऑपरेशन कराच लागते काय?"

या प्रश्नाचे उत्तर देणे हे डॉक्टरांचे काम आहे, हे उघड आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू शिक्षकाला वैद्य बनविण्याचा नाही. तथापि या बाबतीत लोकांच्या हातून दोन चुका नित्य घडतात, आणि त्या दोन्ही टाळण्यास शिक्षक साहाय्य करू शकतो. ज्याचे दुखणे सहा आठवड्यांत ओसरले असते, तो घाबरून बैलजोडी विकावयास निघतो. आणि ज्याला त्याच रात्री रुग्णालयात न्यावयास हवे होते, तो शेकण्यात व चोळून घेण्यात आठवडा घालवितो. कोठे थांबावे आणि कोठे घाई करावी, एवढा विवेक लोकांना शिकविता आला तरी पुष्कळ साधले.

१. कण्याची रचना

आपला कणा तेहतीस मणक्यांचा असतो. वरून खाली मोजले असता मानेचे ७, पाठीचे १२ व कंबरेचे ५ असे चोवीस मणके सुटे व हलणारे आहेत. त्याखालील ५ मणके एकमेकांस जुळून त्रिकास्थी बनते आणि शेवटचे ४ मिळून माकडहाड होते. सुट्या मणक्यांच्या मध्ये चिवट तंतूंच्या गोल गाद्या असतात. प्रत्येक गादीच्या पोटात ओलसर, मऊ गर असतो. कणा वाकतो, वळतो व हादरे सोसतो तो या गाद्यांमुळेच.

प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस हाडाची कमान असते. या कमानी एकाखाली एक आल्याने एक नलिका तयार होते आणि तिच्यातून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली येतो. प्रौढ माणसात हा रज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याखाली नलिकेत केवळ मज्जातंतूंचा जुडगा उरतो. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्यास अश्वपुच्छ असे नाव आहे. पायांची हालचाल, पायांची संवेदना आणि लघवी व शौच यांवरील ताबा या जुडग्यातील तंतूंकडे असतो. ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

कंबरेच्या खालच्या दोन गाद्यांवर शरीराच्या वरच्या भागाचा भार पडतो आणि वाकण्याची बहुतेक क्रियाही तेथेच होते. म्हणून गादीचे विकार प्रायः त्या दोन ठिकाणीच आढळतात. स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद आल्फ नाचेमसन यांनी १९६० नंतरच्या काळात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून आतील दाब मोजला. ताठ उभ्या असलेल्या माणसाच्या गादीतील दाब १०० धरल्यास उताणे पडल्यावर तो सुमारे २५ भरतो, पुढे वाकून उभे राहिल्यास १५० च्या आसपास जातो, आणि वाकून हातात वजन घेतले की २०० च्याही वर चढतो. निंदण करणारी बाई दिवसभर वाकलेली असते. वेचणीच्या दिवसांत ती कंबरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळींतून फिरते. फवारणीचा सोळा लिटरचा पंप भरला म्हणजे नुसत्या पाण्याचेच सोळा किलो वजन पाठीवर येते, पंपाचे वेगळे. या मुलखात कंबरदुखी इतकी का, याचे एक कारण येथे स्पष्ट होते. मात्र श्रम हे एकमेव कारण नाही. वाढते वय, आनुवंशिकता, अवजड शरीर व धूम्रपान यांचाही त्यात वाटा असतो. खुर्चीवर बसून काम करणारे कारकूनही या दुखण्यातून सुटलेले नाहीत. २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लक्ष लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे.

२. विकारांचे मुख्य प्रकार

(अ) उसण : ओझे उचलताना वा एकाएकी वळताना पाठीचे स्नायू व बंध ताणले जातात आणि माणूस जागच्या जागी अडकतो. यालाच उसण भरणे म्हणतात. वेदना भयंकर असली तरी धोका बहुधा नसतो. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ती जाते.

(आ) गादी सरकणे : वास्तविक गादी आपल्या जागेवरून घसरत नाही. तिचे बाहेरचे वेष्टन फाटते आणि आतील गर मागे येऊन मज्जातंतूवर दाबतो. मग कंबरेपेक्षा पायाचीच वेदना अधिक असते. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत व पावलापर्यंत उतरते. खोकताना वा शिंकताना विजेसारखी चमक निघते. पायाला मुंग्या येतात. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हटले आहे. दवाखान्यात सायटिका हा शब्द ऐकू येतो.

(इ) नलिका अरुंद होणे : उतारवयात गाद्या झिजतात, सांध्यांची हाडे वाढतात व मज्जातंतूंची वाट अरुंद होते. अशा म्हाताऱ्या माणसाला थोडे चालले की पाय जड होतात, भरून येतात. खाली बसले वा पुढे वाकले की बरे वाटते. पायी बाजारापर्यंत जाणे कठीण, पण सायकलवर जाणे सोपे, अशी तक्रार कोणी केल्यास या विकाराचा संशय घ्यावा.

(ई) मणक्यांचा क्षय : क्षयरोग फुप्फुसांचाच असतो असा समज आहे, पण तो मणक्यांतही शिरतो. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला पॉटचा रोग असेही म्हणतात. पाठ सतत दुखते, रात्री अधिक दुखते, बारीक ताप येतो, वजन घटते. पुढे मणका खचून कुबड येते आणि पाय लुळे पडू शकतात. लहान मुलांतही हा रोग होतो, आणि दुर्लक्ष झाल्यास कुबड त्या मुलाला जन्मभर बाळगावे लागते.

(उ) मणका मोडणे : झाडावरून, विहिरीत वा वाहनावरून पडल्याने मणका मोडतो. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्ध स्त्रियांत तो क्षुल्लक आघातानेही दबतो.

३. "गॅप" या शब्दाविषयी

"मणक्यात गॅप" हा शब्द आता खेडोपाडी रूढ झाला आहे आणि त्याने फार भय निर्माण केले आहे. दोन मणक्यांत अंतर असणे हे स्वाभाविकच आहे. त्या अंतरात गादी असते. गादी झिजली की ते अंतर उलट कमी होते. तेव्हा "गॅप पडली" म्हणजे हाडे एकमेकांपासून सुटली, आता कणा मोडणार, अशी जी कल्पना लोक करून घेतात ती निराधार आहे.

एमआरआय या तपासणीत गाद्या व मज्जातंतू स्पष्ट दिसतात. परंतु चित्रात दोष दिसला म्हणजे वेदना त्याच दोषाची, असे ठरत नाही. १९९४ साली अमेरिकेतील संशोधकांनी पाठ मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांची अशी चित्रे तपासली. त्यांपैकी शेकडा ५२ जणांत कोठे ना कोठे गादी फुगलेली आढळली आणि शेकडा २७ जणांत ती बाहेर आलेली होती. आणि ही सर्व माणसे ठणठणीत होती! केस पिकावेत तशा गाद्याही वयाबरोबर झिजतात. म्हणून शहाणा डॉक्टर प्रथम माणूस तपासतो व मग चित्र पाहतो. पायाची शक्ती, संवेदना व वेदनेची वाट या तिन्ही गोष्टी चित्रातील दोषाशी जुळल्या तरच त्या दोषाला महत्त्व येते.

४. थांबणे केव्हा योग्य

उसण भरलेल्या बहुतेक माणसांना शस्त्रक्रियेची गरज कधीच पडत नाही. गादी बाहेर येऊन पायात कळ गेलेल्यांपैकीही पुष्कळजण सहा ते बारा आठवड्यांत बरे होतात, कारण बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते व मज्जातंतूची सूज उतरते.

पूर्वी अशा रोग्याला दोन-दोन, तीन-तीन आठवडे खाटेवर निजवून ठेवीत. आता ही पद्धत मागे पडली आहे. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गात या विषयाचा अभ्यास झाला. त्यात अंथरुणाला खिळून राहिलेल्यांपेक्षा वेदना सोसवेल इतपत नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले असे दिसले. तेव्हा एक-दोन दिवसांची विश्रांती पुरे. त्यानंतर थोडे थोडे चालावे, गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक औषधे त्यांनी सांगितलेल्या मुदतीपुरतीच घ्यावीत. दुकानातून आपल्या मनाने अशा गोळ्या महिनोन्महिने घेतल्यास जठरात व्रण होतात व मूत्रपिंडे बिघडतात. वेदना कमी झाल्यावर पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घ्यावेत. हे व्यायाम हाच पुढील दुखण्यावरील उत्तम प्रतिबंध होय.

पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेतली की उसण जाते, असा समज आपल्याकडे आहे. उसण आपोआपच जाणारी असल्याने लाथेला तिचे श्रेय मिळते, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या पाठीत उसण नसून क्षयाने पोखरलेला वा मोडलेला मणका असेल, तर त्याच लाथेने माणसाचे पाय कायमचे जाऊ शकतात. लोकांच्या समजुतीची टिंगल न करता हा धोका शांतपणे समजावून द्यावा.

५. घाई करणे केव्हा आवश्यक

पुढील लक्षणांपैकी एकही दिसल्यास घरगुती उपाय थांबवावेत व रोग्यास डॉक्टरांकडे न्यावे :

(१) लघवी तुंबणे, वा लघवी-शौचावरील ताबा सुटणे.
(२) बैठकीची जागा, म्हणजे जननेंद्रिय व गुदद्वाराभोवतीचा भाग, बधिर होणे.
(३) पावलाची शक्ती जाणे. चालताना चप्पल पायातून निसटणे, पाऊल फरफटणे. दोन्ही पायांत अशक्तपणा वाढत जाणे.
(४) ताप, वजन घटणे, रात्रीची वेदना. पूर्वी क्षय वा कर्करोग होऊन गेलेला असणे.
(५) पडल्यानंतर वा अपघातानंतर सुरू झालेली पाठदुखी.
(६) लहान मुलाची पाठ काही आठवडे सतत दुखणे वा पाठीवर उंचवटा दिसणे.

यांतील पहिली दोन लक्षणे सर्वांत निकडीची. त्यांचा अर्थ असा की, वर सांगितलेला अश्वपुच्छ नावाचा जुडगा दबला आहे. तेथे तासांचा हिशेब असतो. दाब लवकर, शक्यतो एक-दोन दिवसांच्या आत दूर झाला तर लघवीवरील ताबा परत येण्याची आशा असते. उशीर झाला तर माणूस उर्वरित आयुष्य नळीवर काढतो. अडचण अशी की ही लक्षणे सांगण्यास लोक लाजतात. घरची सून सासऱ्याला सांगणार नाही. वडील मुलाजवळ बोलणार नाहीत. म्हणून पालकसभेत शिक्षकांनी व शिक्षिकांनी हे लक्षण स्पष्ट शब्दांत सांगावे. या एका वाक्याने कोणाचे तरी जन्माचे अपंगत्व टळू शकेल.

अपघातात कणा दुखावला असल्याची शंका आली, तर त्या माणसास दोघांनी हात व पाय धरून झोळीसारखे उचलू नये. तसे केल्याने मोडलेला मणका मज्जारज्जूत रुतू शकतो. डोके, मान व धड एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी एकाच वेळी त्याला ओंडक्यासारखे कुशीवर वळवावे, खाली रुंद सपाट फळी वा दार सरकवावे व त्यावर उताणे निजवावे. सैल विणीची बाज वापरू नये. १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका मागवावी.

६. शस्त्रक्रियेचा इतिहास व प्रकार

पायात उतरणारी ही वेदना माणसाला फार प्राचीन काळापासून माहीत आहे; परंतु तिचे खरे कारण कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. बाहेर आलेला गर पूर्वी शल्यविशारदांना दिसत असे, पण ते त्याला गाठ समजत. बॉस्टनचे डॉ. विल्यम मिक्स्टर व डॉ. जोसेफ बार यांनी १९३४ साली हे दाखवून दिले की, ही गाठ नसून फाटलेल्या गादीचा अंश आहे आणि तो काढल्यास पायाची वेदना थांबते. त्यानंतर ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. १९७७ साली यासार्गिल व कास्पार या शल्यविशारदांनी सूक्ष्मदर्शक वापरून ती लहानशा छेदातून करण्याची रीत प्रसिद्ध केली.

आज कंबरेवर मुख्यतः तीन प्रकारच्या शस्त्रक्रिया होतात. पहिलीत मज्जातंतूवर दाबणारा गादीचा तुकडा काढून घेतात. संपूर्ण गादी काढीत नाहीत. दुसरीत अरुंद झालेल्या नलिकेवरील हाडाची कमान व जाड झालेले बंध कापून मज्जातंतूंना वाट मोकळी करून देतात. तिसरीत अस्थिर झालेले मणके स्क्रू व सळया बसवून एकमेकांस जोडतात व तेथे हाडाचा चुरा भरतात; तो सांधा पक्का होण्यास कित्येक महिने लागतात. तिसरी शस्त्रक्रिया सर्वांत मोठी व खर्चाची असते. मणका घसरलेला, मोडलेला वा रोगाने खचलेला असेल तेव्हा तिची गरज पडते. नुसत्या कंबरदुखीसाठी तिचा लाभ निश्चित सांगता येत नाही.

शस्त्रक्रियेपासून काय मिळते व काय मिळत नाही, हे रोग्याने आधी समजून घेणे अगत्याचे आहे. गादी काढण्याच्या शस्त्रक्रियेने पायाची वेदना बहुधा लवकर जाते. कंबरेचे दुखणे तितक्या खात्रीने जात नाही. नेदरलँड्समधील एका अभ्यासात, ज्याचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला, तीव्र सायटिकेच्या २८३ रोग्यांचे दोन गट केले होते. एका गटास लवकर शस्त्रक्रिया करण्याचे ठरविले. दुसऱ्यास थांबून औषधोपचार, आणि न भागल्यास पुढे शस्त्रक्रिया. पहिल्या गटाचे दुखणे अधिक लवकर थांबले. दुसऱ्या गटातील शेकडा ३९ जणांना अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. उरलेल्यांना लागली नाही. वर्षाच्या अखेरीस मात्र दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे शेकडा सुमारे ९५ लोक बरे झालेले होते. यावरून असे दिसते की, जेथे शक्ती जात नाही व लघवीचा त्रास नाही, तेथे शस्त्रक्रिया ही वेदना लवकर थांबविण्यासाठी केलेली निवड असते. रोग्याने ती करावी वा थांबावे. दोन्ही मार्ग शहाणपणाचे आहेत. वेदना असह्य आहे, घरात दुसरा कर्ता नाही, पेरणी तोंडावर आहे, अशा गोष्टींचा विचार त्याने अवश्य करावा. पण भयाने निर्णय घेऊ नये.

धोकेही लपवून ठेवू नयेत. जखमेत पू होणे, मज्जातंतूंचे वेष्टन फाटून पाणी झिरपणे, क्वचित मज्जातंतूला इजा होणे आणि काही रोग्यांत त्याच गादीचा आणखी अंश पुन्हा बाहेर येणे, हे या शस्त्रक्रियेचे ज्ञात उपद्रव आहेत. "कंबरेचे ऑपरेशन केले की माणूस लुळा पडतो" ही समजूत मात्र खरी नाही. योग्य कारणासाठी, अनुभवी हातांनी केलेल्या गादीच्या शस्त्रक्रियेनंतर रोगी बहुधा त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी चालू लागतो. पुष्कळदा लुळेपणाचे कारण शस्त्रक्रियेला झालेला उशीर हे असते, आणि दोष मात्र शस्त्रक्रियेच्या माथी मारला जातो.

मणक्यांच्या क्षयाच्या बाबतीत हाच विवेक आपल्या देशातील शल्यविशारदांनी दाखविला. काशी हिंदू विश्वविद्यालयातील डॉ. एस्. एम्. तुली यांनी १९७५ साली मध्यममार्गी उपचारपद्धती मांडली. प्रत्येकावर शस्त्रक्रिया करू नये आणि प्रत्येकाला टाळूही नये. सर्वांना क्षयाची औषधे पूर्ण मुदतीपर्यंत द्यावीत आणि औषधांनी सुधारणा होत नसेल वा पायांची शक्ती जात असेल त्यांच्यावरच शस्त्रक्रिया करावी, असे तिचे सार आहे. क्षयाची औषधे शासकीय दवाखान्यातून विनामूल्य मिळतात. मुलाला बरे वाटू लागले म्हणून ती मध्येच सोडली जात नाहीत ना, इकडे वर्गशिक्षकाने लक्ष ठेवावे.

७. निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या माणसाने डॉक्टरांना पुढील प्रश्न न संकोचता विचारावेत : माझा नेमका विकार कोणता? शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल? थांबावयाचे झाल्यास किती दिवस थांबता येईल? कोणती वेदना जाईल व कोणती राहील? मणके जोडावयाचे आहेत की केवळ दाब काढावयाचा आहे? शेतकाम पुन्हा केव्हा करता येईल? निकडीची लक्षणे नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात काहीही गैर नाही. चांगले डॉक्टर त्याने रागावत नाहीत.

आपल्या भागातील लोकांना यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामची १९६९ साली सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही ठिकाणे परिचित आहेत. खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी प्रथम करावी. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली व २०१७ साली तिला सध्याचे नाव मिळाले. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते की नाही, व कोणते कागद हवेत, हे तो सांगतो. सावकाराचे दार ठोठावण्यापूर्वी आरोग्यमित्राची खिडकी गाठावी, हे सूत्र पालकांच्या मनावर ठसवावे.

शस्त्रक्रियेनंतर बिडी पूर्ण सोडावी, कारण धूम्रपानाने मणके जुळण्यास अडथळा येतो. डॉक्टर सांगतील तितके आठवडे वाकणे व ओझे उचलणे वर्ज्य करावे; रोज चालणे मात्र वाढवीत न्यावे. घरच्यांनी रोग्याला कायमचा अपंग मानून खाटेवर बसवू नये.

८. शेजारचे एक उदाहरण

वणीच्या पलीकडे वर्धा नदी ओलांडली की वरोरा लागते. तेथील आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांचे नाव आपल्या शाळांतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. १९१४ साली हिंगणघाट येथे जन्मलेल्या बाबांना मानेच्या व कंबरेच्या मणक्यांच्या झिजेचा तीव्र विकार जडला होता. त्यामुळे त्यांना बसणे अशक्य झाले. उभे राहणे वा पडून राहणे एवढेच शक्य होते. अशा स्थितीत, सत्तरी ओलांडल्यावर, १९८५ साली त्यांनी तरुणांना बरोबर घेऊन कन्याकुमारीपासून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा काढली व वाहनात निजून ते तिच्याबरोबर गेले. १९९० साली नर्मदेच्या काठी राहावयास गेले तेव्हाही हा विकार त्यांच्यासोबत होताच. २००८ साली त्यांचे निधन झाले.

हे उदाहरण देण्याचा हेतू वेदना मुकाट्याने सोसण्याची शिकवण देणे हा नाही. कण्याचे काही विकार असे असतात की ते पूर्णपणे नाहीसे करणे कोणत्याही औषधाला वा शस्त्राला जमत नाही. अशा वेळी शरीराला काय जमते हे ओळखून कामाची रीत बदलावी लागते. बाबांनी बसणे सोडले. काम सोडले नाही. आपल्या गावातील ज्या माणसाला ओझे उचलणे पुन्हा जमणार नाही, त्याच्यासाठीही दुसरे काम शोधता येते, आणि ते शोधण्यात गावाने त्याला साहाय्य करावयास हवे.

९. शाळेतील कार्य

(१) दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दशांशाहून अधिक नसावे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो व तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो ही मर्यादा आहे. महिन्यातून एकदा काट्यावर दप्तरे तोलावीत. हा गणिताचा उत्तम पाठही होईल. दप्तर दोन्ही खांद्यांवर घेण्याची सवय लावावी.

(२) ओझे उचलण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी : वस्तूच्या जवळ जावे, गुडघे वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी, ओझे छातीजवळ धरावे, उचलताना कंबरेत वळू नये. शाळेतील पाण्याचा हंडा एकट्या मुलाकडून उचलवून घेऊ नये.

(३) कवायतीच्या तासाला मुलांना पाय जुळवून, हात सैल सोडून पुढे वाकावयास सांगावे व मागून पाठ पाहावी. एक बाजू उंच दिसली वा कणा बाकदार वाटला, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा त्या मुलाचे नाव अवश्य द्यावे. मुलींची तपासणी शिक्षिकांनी करावी.

(४) पाठ दुखते म्हणून वारंवार खाली बसणाऱ्या, खेळ टाळणाऱ्या वा जमिनीवरील वस्तू पाठ न वाकविता, गुडघ्यांत बसून उचलणाऱ्या मुलाला आळशी म्हणू नये. मणक्यांच्या क्षयाचे ते पहिले चिन्ह असू शकते. पालकांना बोलावून त्याला आरोग्य केंद्रात पाठवावे.

(५) पाचव्या भागातील सहा लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून पालकसभेत वाचून दाखवावीत व तो कागद शाळेच्या फलकावर लावावा. वेचणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीची सभा यासाठी सोयीची होय.

मुलगा शाळेत का आला नाही, असे विचारले असता "बाप खाटेवर आहे, म्हणून तो वेचणीला गेला" हे उत्तर या भागातील शिक्षकांना अपरिचित नाही. बापाचा कणा व मुलाची हजेरी यांचा असा निकट संबंध आहे. म्हणून हा विषय केवळ आरोग्यखात्याचा न मानता शिक्षकबंधूंनी व भगिनींनी आपला मानावा. पुढच्या वेळी कोणी काळसर चित्रांचे पाकीट घेऊन ओट्यावर आला, तर अहवालातील इंग्रजी शब्दांचा अर्थ सांगण्यापूर्वी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : पायाची शक्ती ठीक आहे ना? बसण्याच्या जागी बधिरपणा नाही ना? लघवी नीट होते ना? तिन्ही उत्तरे समाधानकारक असली तर त्याला धीर द्यावा व डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे वाट पाहण्यास सांगावे. एकही उत्तर तसे नसले तर त्याच दिवशी त्याला रुग्णालयाच्या वाटेला लावावे.